तारामतीचा दाखला

"त्या तर वारल्या ना," काउंटरपलीकडची मुलगी म्हणाली. "वर्ष होऊन गेलं."

तारामतीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. आबिड्सच्या बाजारातल्या रस्त्याचा गोंगाट खिडकीतून आत येत होता. तिने पांढरी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा सांगितलं, "तारामती वाघमारे. या नावाचा अनुभवाचा दाखला हवाय."

"त्यांच्याबद्दलच सांगतेय मी. फोटो आहे की भिंतीवर. दर गुरुवारी हार असतो." मुलीने आवाज खाली आणला. "तुम्ही त्यांच्या घरून आलात का?"

मोगऱ्याचा वास तारामतीला जिना चढतानाच आला होता. ऑफिसात कसली तरी पूजा असेल असं तिला वाटलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. कुणी उचलला नाही. दोन घंट्यांनंतर खट्ट आवाज झाला आणि टेबलावरच्या स्पीकरमधून तारामती बोलली, "नमस्ते. अपने लिफाफे का नंबर दबाइए."

"ऐकलंत? ह्याच त्या," मुलगी म्हणाली. "माणूस गेलं, आवाज राहिला बघा."

हे कुरिअरचं ऑफिस होतं. तारामतीने इथे पाच वर्षं टेलिफोन सांभाळला. मग शहाण्णव साली मॅनेजर पुष्करने हे मशीन आणलं. तो पुण्याचा, कॉम्प्युटर शिकलेला, बोलायला मऊ. त्याने तिला तीन दिवस एका बंद खोलीत बसवून शब्द म्हणून घेतले. शून्य ते नऊ आकडे. आलं आहे. आलेलं नाही. हिंदीत, तेलुगूत, मराठीत. घसा बसला तेव्हा त्यानेच कोमट पाणी आणून दिलं. चौथ्या दिवशी म्हणाला, "ताई, आता या कामाला माणूस लागणारच नाही. मशीन आजारी पडत नाही."

तिला ते पटलं होतं. काळच तसा होता, बँकांतसुद्धा कॉम्प्युटर येत होते. चिडली ती तिची आई, पार्वतीबाई. त्यानंतर दोन वर्षं तारामती अंबरपेठेतल्या घरी बसून होती. अपंगांच्या कोट्याचे अर्ज भरून झाले. निवडणुकीच्या आधी वस्तीत एका नेत्याने अपंगांना तीनचाकी सायकली वाटल्या, तेव्हा तिलाही एक दिली. तिला दिसत नव्हतं, पाय धड होते. नेत्याने फोटो काढून घेतला आणि पुढच्या माणसाकडे वळला. आता हिमायतनगरच्या एका दवाखान्यात ऑपरेटरची जागा निघाली होती. तिची मुलाखत चांगली झाली. फक्त दाखला द्यायचा राहिला होता, आणि उद्या शेवटचा दिवस होता.

तिच्या डोक्यात एक प्रश्न आला. माणूस लागणारच नव्हता, तर ही मुलगी कोण?

"तुम्ही इथे काय काम करता?"

"मी श्रुती. रिसेप्शनला असते. येणाऱ्यांशी बोलते, कुणी मशीनवर परेशान झालं तर फोन घेते."

"मीच तारामती," ती म्हणाली.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. श्रुती चाचरत म्हणाली, "पण फोटोतल्या बाईंचे डोळे..."

"कसे आहेत?"

"मोठे आहेत. सुंदर."

तिचा एकही फोटो या ऑफिसात कधी नव्हता.

मागून खोकला ऐकू आला. तो तिने लगेच ओळखला. पाच वर्षं रोज सकाळी फोनवर आधी तो खोकला यायचा आणि मग एकनाथराव विचारायचे, "रोहनचं पाकीट आलं का गं?" रोहन त्यांचा मुलगा, अमेरिकेत गेलेला.

"हे काका दर गुरुवारी हार आणतात," श्रुती कुजबुजली. "त्यांनी मॅडमची चौकशी केली तेव्हा पुष्कर सर बोलले, त्या गेल्या. हे इथेच बसून रडले. मग फोटो मागितला, तो सरांनी आणून लावला."

तारामती वळली. तिला फार बरं वाटलं. तिला ओळखणारं एक माणूस तरी समोर होतं. फोनवर बोलायची तशीच ती हळू, हसून बोलली, "काका, रोहनचं पाकीट आज नाही आलं. उद्या परत बघते हं."

काहीतरी जमिनीवर पडलं. म्हातारी पावलं जवळ आली. ताज्या मोगऱ्याचा वास अगदी नाकाशी आला आणि तिथेच थांबला. ते आपल्या चेहऱ्याकडे बघताहेत हे तिला कळलं.

"नाही," एकनाथराव म्हणाले. "ती पाकिटावरचे शिक्के वाचून सांगायची मला. कुठल्या तारखेला निघालं, मुंबईत कधी उतरलं."

"वाचायचे दुसरे, काका. सांगायची मी."

"ती अशी नव्हती." ते एक पाऊल मागे सरकले. "हुबेहूब आवाज काढतेस, बाई. पण गेलेल्या माणसाची नक्कल करू नये."

आतलं दार उघडलं. पुष्करच्या बुटांचा आवाज तिने ओळखला. तो चार पावलं आला आणि थबकला.

"पुष्कर, तूच सांग," एकनाथराव म्हणाले. "ही म्हणते, तारामती मीच."

तारामतीने सुटकेचा श्वास घेतला. तीन दिवस बंद खोलीत हा तिच्या शेजारी बसला होता. आता एका वाक्याचं काम होतं. मागे पुन्हा फोन वाजला, आणि तिचाच आवाज कुणाला तरी सांगू लागला की पाकीट आलेलं नाही.

"नाही काका," पुष्कर शांतपणे म्हणाला. "आमच्या तारामती मॅडमना चांगलं दिसायचं."