नागरिक संघाचा नवा नियम

“आज रामटेकेंना संघातून उठवूनच पाणी पिईन,” श्यामकांत कारखानीस आरशासमोर मिशी कातरत म्हणाले.

“चहा किती जणांचा करायचा?” कुमुदिनीबाईंनी विचारलं.

“सगळा सेक्टर येणार आहे.”

नोएडाच्या या सेक्टरात नळाला पाणीही नव्हतं, तेव्हा यशवंत रामटेकेंनी आपल्या व्हरांड्यात नागरिक संघ सुरू केला. टँकर, रस्त्यावरचे दिवे, बसस्टॉप, सगळं त्यांनी भांडून आणलं. पुढे केबल आली, दारोदार नव्या गाड्या आल्या आणि कारखानीस अध्यक्ष झाले.

तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना. सरकारी नोकरीत रामटेके त्यांचे साहेब होते. गोपनीय अहवालात त्यांनी कारखानिसांना ‘सामान्य’ असा शेरा दिला आणि बढती हुकली. त्यातही शेरा मारणाऱ्या साहेबाचं आडनाव रामटेके होतं, हे तर कारखानिसांना मुळीच पचलं नव्हतं. तेव्हापासून ते डूख धरून होते.

परवा त्यांना कळलं, रामटेकेंचं घर मुलीच्या, श्रावस्तीच्या नावावर आहे.

“रामटेकेंच्या कौसल्यावहिनींना काय वाटेल?” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “माझ्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर त्यांच्याकडून डबा यायचा.”

“माझ्या घरात त्यांची तरफदारी नको. तू चहाचं बघ.”

लग्न झाल्यापासून त्या चहाचंच बघत आल्या होत्या.

पार्कात शामियान्याखाली बैठक भरली. कारखानीस उभे राहिले.

“जिसके नाम रजिस्ट्री, वही मेंबर. बाकी कोई बैठक में नहीं बैठेगा.”

“पर बेटी का घर तो अपना ही हुआ जी,” शेजारचे चढ्ढा म्हणाले.

“रिश्ता घर में. यहाँ सिर्फ रजिस्ट्री.”

लोकांनी एकमेकांकडे बघत हात वर केले. ठराव पास झाला.

रामटेकेंनी चष्मा पुसला आणि ते उठले. कौसल्याबाईही डोळ्यांना पदर लावून त्यांच्यामागे निघाल्या. कारखानिसांना इतकं बरं वाटलं, की त्यांचा आवाज चढला.

“और कोई है, जिसका मकान अपने नाम नहीं?”

कुमुदिनीबाईंनी किटली खाली ठेवली. एरवी चारचौघांत त्या तोंड उघडत नसत.

“अहो, तुम्ही,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं हिंदीत बोलल्या, “ऑफिसवाले पैसों का कुछ पूछें नहीं, इसलिए इन्होंने मकान मेरे नाम लिया था.”