शेजारच्या खाटेचा जबाब

दुभाष्याने कागद तिच्यापुढे सरकवला आणि सही करायची जागा बोटाने दाखवली. "इथे, ताई. एवढी सही केली की तुम्ही मोकळ्या."

शिवणवाली कागदाकडे नुसती बघत राहिली. अक्षरं परकी होती. टेबलापलीकडे चौकशी अधिकारी बसला होता. चेहऱ्यावर ना राग, ना लोभ. त्याच्यापुढे बोलणं टिपून घेणारं यंत्र चालू होतं. दाराशी पहारेकरीण उभी होती. कागदपत्रं नसलेल्या परदेशी माणसांना डांबून ठेवतात, त्या केंद्रातली ही खोली. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना जाऊन आज तिसरा दिवस होता.

"काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवा." तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

दुभाष्याने घसा खाकरला. "मृत महिलेला आधीपासून हृदयविकार होता. तिने तब्येतीची तक्रार कधीच केली नाही. डॉक्टर मागितला नाही. सकाळच्या हजेरीला ती झोपेतच गेलेली आढळली. मी शेजारच्या खाटेवर होते, म्हणून मला हे माहीत आहे."

"मी म्हणजे कोण?"

"तुम्ही. तुमचा जबाब आहे हा."

"मी तर अजून तोंडसुद्धा उघडलं नाही!"

दुभाषा तिच्याच भाषेचा, तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा. शर्टाची झिजलेली कॉलर कुणीतरी उलटवून नीट शिवून दिली होती. त्या शिवणीकडे बघतच तिने बोलायला सुरुवात केली.

बाई तिकडे, मायदेशी, शाळेत शिकवायच्या. नऊ दिवस आजारी होत्या. आधी ताप, मग खोकला, मग छातीत दुखायला लागलं. शेवटी आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपायच्या. इथली भाषा खोलीत फक्त त्यांनाच लिहिता यायची. रोज सकाळी स्वतःच चिठ्ठी लिहून आजाऱ्यांच्या पेटीत टाकायच्या. टाकण्याआधी शुद्धलेखन तपासायच्या, ताप असला तरी. एकदा नर्स आली, दाराच्या फटीतून दोन गोळ्या देऊन गेली. आठव्या दिवशी बाईंचे ओठ निळे पडले, तेव्हा शिवणवालीने आणि खोलीतल्या आणखी दोघींनी मिळून दार बडवलं. तळहात सुजले. मग पहारेकरीण आली होती, दाराबाहेरूनच तीन शब्द दरडावून गेली होती.

कोणती, ते ती बोलली नाही. मान वळवायचाही धीर झाला नाही. तीच आता पाठीमागे उभी होती.

दुभाष्याने अधिकाऱ्याकडे वळून एक वाक्य सांगितलं. तेही छोटं.

"एवढंच? मी इतकं बोलले, आणि तुम्ही एवढंच सांगितलंत?"

"ताई." तो हसरा चेहरा ठेवून खालच्या आवाजात म्हणाला, "पेटीत एकही चिठ्ठी मिळाली नाही म्हणतात. सोमवारी तुमची सुनावणी आहे. सही नसेल तर तारीख पुढे जाऊ शकते, असं तुम्हाला सांगायला सांगितलंय. धमकी नाही, नुसती माहिती आहे." तो क्षणभर थांबला. "बाहेर तुमची मुलगी आहे ना? सात वर्षांची?"

"मुलीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फाइलमध्ये सगळं असतं, ताई."

फाइलमध्ये मुलगी होती. चिठ्ठ्या नव्हत्या.

तिने पेन उचललं. अधिकारी किंचित पुढे झुकला. सोमवार. मुलगी. एक सही. तिने पेनाचं टोक कागदावर टेकवलं. निळा ठिपका उमटला आणि तिथेच पसरत राहिला.

मग तिने मान वर केली. इथल्या भाषेतले तिला मोजून तीन शब्द येत होते, त्या दिवशी दाराला कान लावून शिकलेले. यंत्राकडे तोंड करून तिने ते एकेक करून म्हटले, जसे ऐकले होते तशाच सुरात, तशाच तोऱ्यात.

"डॉक्टर. उद्या. गप्प."

पाठीमागे किल्ल्या खळकन वाजल्या. अधिकाऱ्याने मान वर करून पहारेकरणीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात लांब करून यंत्र बंद केलं. दुभाषा कागद गोळा करायला लागला. ती जे शब्द बोलली होती ते त्याने भाषांतरित केले नाहीत. गरजच नव्हती.

सोमवारचं कुणी काही बोललं नाही. परत जाताना पहारेकरीण नेहमी पुढे चालायची. आज ती मागून चालत होती. लांबच लांब बोळात शिवणवालीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पावलं मात्र मोजत राहिली. दोघींचीही.

खोलीचं दार उघडलं. बाईंच्या खाटेवर नवी चादर होती आणि तिच्यावर विशीतली एक मुलगी अंगाची जुडी करून बसली होती. दार बंद होईपर्यंत ती थांबली.

"ताई, तुम्ही आपल्याच भाषेतल्या ना? या बायका म्हणाल्या." तिचे दात वाजत होते. "कालपासून अंगात कणकण आहे. इथे डॉक्टर कधी येतात हो?"

बाकीच्या बायका आपापल्या चादरींच्या घड्या घालायला लागल्या.

शिवणवाली तिच्याजवळ बसली. तिच्या कपाळाला हात लावला, आणि तो तसाच राहू दिला.

"घरी कोण आहे गं तुझं?"

"मोठा भाऊ."

"त्याचा फोन नंबर सांग," शिवणवाली म्हणाली. "सावकाश सांग. इथे चिठ्ठ्या हरवतात, मला पाठ करायचाय."