पाहुणीसमोरचं ताट

सातव्या दिवशी ताटात पुन्हा पुरणपोळी आली. विनोदिनीने कपाळाला हात लावला. मग हंबीररावांचं ताट वजनकाट्यावर ठेवलं आणि वहीत लिहिलं: पोळ्या दोन, तूप तीन चमचे.

हंबीरराव चौऱ्याण्णव वर्षांचे, त्यांच्या बायको बनुबाई नव्वदीच्या. मलकापूरच्या पुढच्या गावांत असं जोडपं शोधायला तिला वर्ष लागलं होतं. शेजारीपाजारी शपथेवर सांगत, दोघांत मिळून एका वेळी एक भाकरी आणि ताक, गेली चाळीस वर्षं हेच. कमी खाणाऱ्याचं शरीर उशिरा म्हातारं होतं, असा तिचा प्रबंध. तो या दोन माणसांवर उभा होता. मार्गदर्शकांनी पोस्टकार्डावर एवढंच लिहिलं होतं, 'ऐकीव नको. सात दिवस ताट मोजून आणा.'

मोजून काय मिळालं? शिरा, मटण, भजी आणि आज दुसऱ्यांदा पुरणपोळी. या वहीवरून एकच सिद्ध होत होतं, की चौऱ्याण्णव वर्षं जगायचं तर माणसाने तूप प्यावं. तीन वर्षांच्या कामाचं परीक्षकांपुढे हसं होणार होतं.

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? आपल्यासाठी वेगळं काही करायला नको म्हणून सांगलीहून आणलेला चिवडा काढला, तर बनुबाई संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. हातापाया पडून भाकरी मागितली. भाकरी मिळाली, मटणाबरोबर.

"आजी, मला तुम्हाला हवं ते वाढा," ती आता काकुळतीला आली होती. "पण आजोबांना त्यांचं रोजचं द्या. आजचा एक दिवस."

"पाव्हणी पोळी खानार आन् घरच्या मानसाच्या ताटात अर्धी भाकर? तुमच्या घशाखाली उतरंल व्हय ती पोळी?"

विनोदिनीचा धीर सुटला. पेन्सिल खाली ठेवून तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या शरीरातल्या पेशींनासुद्धा घरात दाणा किती आहे ते कळतं. दाणा कमी असला की त्या जपून राहतात, मोडलेलं दुरुस्त करतात आणि जास्त टिकतात. भरपूर असला की उधळमाधळ करतात, दुरुस्तीकडे बघत नाहीत आणि लवकर झिजतात. म्हणून तुम्ही दोघं इतकी धडधाकट. आणि आता हे तूप!

बनुबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"एवढं कळतंय त्यास्नी," त्या चौथा चमचा वाढत म्हणाल्या, "मग घरात पाव्हणं आल्यात हे बी कळत आसंल की."

हंबीररावांनी पोळ्या संपवल्या आणि ओव्याची डबी उघडून चिमूटभर ओवा तोंडात टाकला. आठवड्यात डबी निम्मी झाली होती.

संध्याकाळी निरोप घेऊन एसटीच्या फाट्यावर पोचल्यावर विनोदिनीला आठवलं, काटा तिथेच राहिला. आपल्यालाच शिव्या देत ती मागे फिरली.

दार उघडं होतं. चुलीजवळ दोघं समोरासमोर बसली होती. मध्ये एक भाकरी, बरोबर निम्मी मोडलेली, आणि ताकाचा तांब्या. काटा शेजारीच होता. सात दिवस जे मिळालं नाही ते हाताच्या अंतरावर होतं. तिने आवाज न करता पिशवीत वही चाचपली.

बनुबाईंनी मान वळवली.

"आलासा व्हय परत? बरं झालं. वस्तीला ऱ्हावा," म्हणत त्यांनी भाकरी टोपलीखाली सारली आणि कढई चुलीवर ठेवली.

हंबीररावांनी तोंडातला घास कसाबसा गिळला आणि ओव्याची डबी जवळ ओढली.