मिलानच्या अलीकडचं स्टेशन

किन्हवली या भातशेतीच्या गावची रंजिता इंटर्नशिपसाठी इटलीत होती. दर शनिवारी ऑफिसातली मुलंमुली तिला आगगाडीनं कुठंतरी फिरायला न्यायची. एकदा मिलानला जाताना खिडकीबाहेर पाण्यानं भरलेली भाताची खाचरं दिसली. इथं भात? तिला राहवेना. "अजून मिलान आलं नाही!" सगळे ओरडत असताना ती पुढच्याच लहानशा स्टेशनावर एकटी उतरली. स्टेशनालगतच्या खाचराच्या बांधावर एक म्हातारी उभी होती. भाषा कळेना, तेव्हा रंजितानं वाकून भात लावल्याची नक्कल केली. म्हातारी खुदकन हसली आणि तशीच वाकून हवेत झरझर रोपं खोवू लागली. रंजितानं घरी फोन लावला. "आई, इथल्या आजीनंपण हातानं भात लावलाय!" "नाय गो! विचार तिला, कंबर दुखते का?" रंजितानं आपल्या कमरेवर हात ठेवून मानेनंच विचारलं. म्हातारी आपली कंबर धरून मोठ्यानं कण्हली. ते ऐकून आई म्हणाली, "मग खरंच लावलाय तिनं."