भिमाजींची गोळी

गोळीचं नाव मंजुषानं मोठ्यानं उच्चारलं आणि काउंटरपुढच्या रांगेत खसखस पिकली.

"सिल्डेनाफिल. किती देऊ, बाबा?"

शहरातल्या द्वारका चौकातल्या त्या मेडिकलमध्ये फार्मसिस्ट म्हणून रुजू होऊन तिला जेमतेम महिना झाला होता. सकाळपासून गर्दी हटत नव्हती. चिठ्ठीवरचं औषधाचं नाव तेवढं वाचायचं आणि विचारून मोकळं व्हायचं, असं चाललं होतं. पण ही गोळी पुरुष कशासाठी घेतात, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

समोर भिमाजी उभे होते. सत्तरीचे, पांढऱ्या टोपीतले, नांदगावहून सकाळच्या गाडीनं आलेले. आणि नेमका त्यांच्याच गावचा, कारभारी नावाचा गडी त्यांच्या मागे उभा.

"आबा, या वयात?" कारभारीनं डोळा घातला. "आजीला जाऊन चार वर्षं झाली की! मग ही तयारी कोणासाठी?"

लोक फिदीफिदी हसले. भिमाजींचे कान लालबुंद झाले, पण आवाज हलला नाही.

"महिनाभराच्या द्या, ताई."

महिनाभराच्या म्हणजे किती, ते बघायला मंजुषानं चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. दिवसातून तीन वेळा. ती चमकली. मग तिची नजर वर गेली. रुग्णाचं नाव तेजल, वय नऊ. खाली आजार लिहिला होता: फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला वाढलेला दाब.

कॉलेजात ती हे शिकली होती. फुप्फुसातल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या हीच गोळी रुंद करते. हृदयावरचा ताण उतरतो. मुलाला धाप न लागता चार पावलं जास्त चालता येतात. परीक्षेत तिनं याला पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आणि आज भर रांगेत एका माणसाची शोभा केली होती.

"अहो, ऐका," ती कारभारीकडे वळली, "ही गोळी यांच्या..."

भिमाजींनी चटकन चिठ्ठीवर पंजा ठेवला.

"माझीच हाय, ताई. द्या."

कारभारी खोकल्याचं औषध घेऊन निघाला. पायरी उतरायच्या आत त्यानं फोन कानाला लावला होता. आता ही बातमी भिमाजींच्या आधी गावात पोहोचणार होती.

"बाबा, मला बोलू का नाही दिलंत?" मंजुषानं गोळ्या पुढे करत विचारलं.

"नातीला लय फरक पडलाय. आधी ओटा चढली तरी धापायची. आता शाळंत जाती, पोरी तिला घरी बोलवायला येत्यात. तिच्या शाळंतल्या बाईंबिगर गावात कुणाला तिचा आजार ठाव नाय. कळलं तर आया म्हणतील, तिला संगं घेऊ नका, काय झालं तर आपल्यावर यायचं."

"पण गाव तुम्हाला हसेल ना!"

भिमाजींनी गोळ्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या.

"हसू द्या. मला आता किती दिस काढायचेत? तिला लय जगायचंय."