माईकपासून दूर हात

पडद्यावरचे दोन ठिपके एकाच उंचीवर समोरासमोर येत होते आणि चूक हेमांगीचीच होती. एका विमानाला खाली उतरवताना, त्याच उंचीवरून येणारं दुसरं तिच्या नजरेतून सुटलं होतं. सुधारायला म्हणून ती माईकचं बटण दाबणार, तोच कानात वैमानिकाचा आवाज आला, "टीकॅस आरए!"

म्हणजे विमानांतल्या यंत्रांनी धोका ओळखला होता. आता तीच एकाला वर, दुसऱ्याला खाली जायला सांगणार. अशा वेळी वैमानिकानं यंत्राचंच ऐकायचं आणि जमिनीवरून विमानांना मार्ग दाखवणाऱ्या हेमांगीसारख्या कंट्रोलरनं मध्ये बोलायचं नाही, असा नियम.

"रॉजर," एवढंच ती म्हणाली. पण तिला राहवेना. डावीकडे वळा, एवढं तरी सांगावं! आपलं चुकलेलं आपणच निस्तरायचं, ही तिची लहानपणापासूनची सवय.

"हात मांडीवर ठेव, बाळ," मागे उभ्या असलेल्या तिच्या वरिष्ठ, टिळेकर मॅडम, हळूच म्हणाल्या. "आता बोललीस तर घोळ होईल."

तिनं हात मांडीवर ठेवले. ठिपक्यांशेजारचा उंचीचा एक आकडा चढत गेला, दुसरा उतरत. ठिपके एकमेकांना ओलांडून गेले.

"धोका टळला," वैमानिकानं कळवलं.

"बावीस सेकंद गप्प! घरी सांगितलंस तर कुणाला पटणार नाही," टिळेकर मॅडम म्हणाल्या. "ऊठ, खुर्ची दुसऱ्याला दे. अहवाल लिही."

'चूक माझी' असं पहिल्याच ओळीत लिहून ती खिडकीशी आली. खाली, त्या दोनपैकी नुकत्याच उतरलेल्या विमानाच्या शिडीवर एक बाई, बहुधा पिशवी विसरल्याबद्दल, नवऱ्यावर डाफरत होती. हेमांगी ते भांडण डोळे भरून पाहत राहिली.