चौथी चकती

सारजाने इन्क्युबेटरमधून प्लेट काढली, तेव्हा मनकर्णाबाई तिच्या पाठीशीच उभ्या होत्या. खुलताबादहून पहिल्या एसटीने त्या तडक विद्यापीठात आल्या होत्या. लेकीने स्टूल पुढे केलं, तरी बसल्या नव्हत्या.

नवऱ्याच्या, मल्हाररावांच्या पायाची जखम चिघळली, तेव्हा मनकर्णाबाईंनीच दगडी पाला वाटून तिच्यावर बांधला होता. दवाखाना उशिरा झाला. मल्हारराव गेल्यापासून भावकी तेवढंच बोलत होती. त्याच पाल्यातून सारजा जंतू मारणारं द्रव्य वेगळं काढत होती.

प्लेटभर जंतूंचा पिवळसर थर माजला होता. त्यावर कागदाच्या चार चकत्या. तीन चकत्यांवर पाल्याची द्रव्यं होती, मिथेनॉलमध्ये विरघळवलेली. त्यांच्याभोवती थर गोल कापून काढावा तसा नाहीसा झाला होता.

चौथीवर तुलनेसाठी नुसतं मिथेनॉल होतं. तिच्याभोवतीही तेवढाच गोल.

घाईत चकत्या पुऱ्या वाळल्याच नव्हत्या. जंतू मिथेनॉलने मारले होते. पाल्याबद्दल प्लेट काहीच सांगत नव्हती.

"मेले का गं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"मेले, आई."

"समदे?"

"जिथं औषध पोचलं, तिथले सगळे."

तेव्हा मनकर्णाबाई बसल्या. पदराने तोंड पुसलं. चहा मिळंल का म्हणाल्या, आणि चहा पिता पिता भावकीतल्या एकेकीचं नाव घेऊन तिला काय सुनावायचं ते सांगू लागल्या. थोरल्या जावेची, साळूबाईची पाळी आली तेव्हा तिची नक्कलही केली. सारजाला हसू आलं. आईही हसली.

निघताना त्या दारात थांबल्या.

"तुज्या फकिरामामाच्या टाचेला बी तसंच झालंय. शुगर हाय त्याला. मीच मागं लागले व्हते, घाटीच्या दवाखान्यात जा म्हनून. पैशापायी कुरकुर करत व्हता. आता जाऊन सांगते, नगं जाऊ. पालाच बांधते रोज."

सारजाने स्टूल पुन्हा पुढे केलं.

"आई, जरा बस."

"यष्टी जाईल ना माझी."

"जाऊ दे."

मनकर्णाबाई परत येऊन बसल्या. चेहऱ्यावर हसू अजून तसंच होतं.